हॉस्पिटॅलिस्ट विभाग उभारताना आणि सुधारताना : रुग्णालय व्यवस्थापनासाठी माहितीपत्रक

हॉस्पिटॅलिस्ट विभागांबाबत आम्ही रुग्णालयांना सल्ला देतो. पहिल्या भेटीत आम्हाला बहुतेक ठिकाणी एकच प्रश्न विचारला जातो : "आम्हाला डॉक्टर किती लागतील?" प्रश्न रास्त आहे, पण आम्ही त्याचे उत्तर लगेच देत नाही. पेशंट कोणाच्या नावावर दाखल होतो, रात्री दोन वाजता सिस्टर कोणाला फोन लावतात, डिस्चार्जचा कागद कोणाच्या सहीसाठी अडून राहतो, हे पाहिल्याशिवाय सांगितलेला आकडा हवेतला असतो. आम्ही पाहिलेल्या अडचणीतल्या विभागांपैकी बऱ्याच ठिकाणी डॉक्टर पुरेसे होते. कोणाचे काम कुठे संपते हे मात्र कोणी ठरवलेले नव्हते. अशा ठिकाणी आणखी दोन डॉक्टर घेतले की गोंधळात दोघांची भर पडते, एवढेच.

आम्ही काय करतो आणि काय करत नाही, हे या पत्रकात सांगितले आहे. आम्हाला बोलवायचे की नाही, हे ठरवायलाही ते उपयोगी पडावे.

हॉस्पिटॅलिस्ट म्हणजे नेमके कोण?

दाखल झालेल्या पेशंटची दाखल होण्यापासून घरी जाईपर्यंतची जबाबदारी घेणारा आणि तेच मुख्य काम असणारा डॉक्टर म्हणजे हॉस्पिटॅलिस्ट. ड्युटी डॉक्टर आणि हा एकच, असा समज अनेकदा आढळतो. ड्युटी डॉक्टर दुसऱ्याच्या उपचारांवर लक्ष ठेवतो आणि अडचण आली की वरिष्ठांना विचारतो. हॉस्पिटॅलिस्ट स्वतः निदान करतो, औषधे ठरवतो, इतर तज्ज्ञांना बोलावतो, नातेवाइकांशी बोलतो आणि घरी सोडण्याचा निर्णयही घेतो. पद हॉस्पिटॅलिस्टचे आणि अधिकार ड्युटी डॉक्टरचे, अशी रचना केली तर चांगला माणूस वर्षभरात निघून जातो.

हा शब्द रूढ झाला तो रॉबर्ट वॉक्टर आणि ली गोल्डमन यांनी १९९६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लिहिलेल्या लेखामुळे. तेव्हा अमेरिकेत असे डॉक्टर काही शेकडा होते. वीस वर्षांत ती संख्या पन्नास हजारांवर गेली. त्यामागे पैशाचे गणित होते. १९८३पासून तिथल्या मेडिकेअर या सरकारी विम्याने रुग्णालयांना झालेल्या खर्चाप्रमाणे पैसे न देता आजारानुसार ठरलेली रक्कम द्यायला सुरुवात केली. पेशंट विनाकारण एक दिवस जास्त राहिला, तर तो खर्च रुग्णालयाच्याच अंगावर पडू लागला. दोन-तीन पेशंटसाठी दवाखाना सोडून सकाळ-संध्याकाळ राऊंडला येणे फॅमिली डॉक्टरांनाही परवडेनासे झाले होते. पुढे २००३मध्ये प्रशिक्षणार्थी डॉक्टरांच्या कामावर आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली आणि मोठ्या शिक्षण-रुग्णालयांतही हात कमी पडू लागले.

फायदा किती, हेही सांगितले पाहिजे. ४५ अमेरिकी रुग्णालयांतल्या पेशंटचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात हॉस्पिटॅलिस्टकडे असलेल्या पेशंटचा मुक्काम इतर फिजिशियनांच्या पेशंटपेक्षा सुमारे ०.४ दिवसाने कमी भरला. म्हणजे अर्ध्या दिवसाहूनही कमी. एका पेशंटसाठी ही बाब किरकोळ आहे, पण हजारो दाखल पेशंटमागे ती मोठी होते. २०११च्या दुसऱ्या अभ्यासात मुक्काम कमी झालेला दिसला, पण घरी गेल्यानंतरचा खर्च वाढलेला आढळला. हे पेशंट इमर्जन्सीत परत येण्याचे आणि पुन्हा दाखल होण्याचे प्रमाणही जास्त होते. फक्त पहिला अभ्यास दाखवून कोणी सल्लासेवा विकत असेल, तर त्यांना दुसऱ्याबद्दल जरूर विचारा.

डॉक्टरांचे गणित

आकडा शेवटी लागतोच, म्हणून तो कसा काढायचा ते इथेच सांगतो. चोवीस तास, वर्षभर एक जागा भरलेली ठेवायची तर बारा तासांच्या ७३० शिफ्ट होतात. सात दिवस काम, सात दिवस सुट्टी ही या क्षेत्रातली सर्वांत प्रचलित पद्धत. तीत एक डॉक्टर वर्षाला सुमारे १८२ शिफ्ट करतो. म्हणजे एका अखंड जागेला चार डॉक्टर लागतात, तेही कोणी आजारी पडले नाही, कोणाच्या घरी लग्न निघाले नाही आणि कोणी बाळंतपणाच्या रजेवर गेले नाही तर. विभागात ६० पेशंट असतील आणि एका डॉक्टरकडे दिवसाला १५ धरले, तर दिवसाच्या चार जागांना आठ आणि रात्रीच्या एका जागेला दोन, असे दहा डॉक्टर झाले. रजांची सोय त्याच्या वर.

हे १५ कुठून आले? २०१४ साली एक अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला, पेशंट सुमारे वीस हजार वेळा दाखल झाल्याच्या नोंदींवर आधारलेला. डॉक्टरकडचे पेशंट वाढत गेले तसा मुक्काम आणि खर्च वाढत गेल्याचे त्यात दिसले. मृत्यूच्या किंवा पुन्हा दाखल होण्याच्या प्रमाणात मात्र फरक आढळला नाही. त्यामुळे १५ला आम्ही लक्ष्मणरेषा मानत नाही. एकाच मजल्यावरचे, स्थिर प्रकृतीचे १८ पेशंट जमून जातात. चार मजल्यांवर विखुरलेले आणि निम्मे नुकतेच आयसीयूतून आलेले १२ पेशंट जमत नाहीत. शिवाय सरासरी फसवी असते. सरासरी १५ असलेल्या विभागात एखाद्या सोमवारी २२ असतात आणि डॉक्टर राजीनामा देतात तो अशा सोमवारांमुळे. म्हणून आम्ही सरासरी बाजूला ठेवून वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्याचे रोजचे आकडे मागतो.

आपल्याकडे एका वेळी दाखल असलेले पेशंट दहा-बाराच्या आत असतील, तर पूर्ण विभाग उभारू नका, असेच आम्ही सांगू. चोवीस तासांच्या एका जागेला चार पगार लागतात आणि पेशंट कमी असले म्हणून ते कमी होत नाहीत. दिवसा एक हॉस्पिटॅलिस्ट, रात्री इमर्जन्सीच्या डॉक्टरांशी लेखी ठरवलेली व्यवस्था आणि फोनवर वरिष्ठ, एवढ्यावर बरेच भागते.

सकाळचा राऊंड

आमच्या कामाचा मोठा भाग वॉर्डात उभे राहून पाहण्यात जातो. एक नमुना देतो, कारण थोड्याफार फरकाने तो सगळीकडे दिसतो.

डॉक्टरकडे १६ पेशंट आहेत, त्यांतल्या चौघांना आज घरी सोडायचे आहे. राऊंड सुरू होतो पहिल्या खोलीपासून, कारण पहिली खोली पहिली येते! घरी जाणारे चौघे कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला. डॉक्टर तिथे पोहोचतात तेव्हा साडेबारा झालेले असतात. मग औषधांची यादी लिहायची. घरी आधीपासून चालू असलेली गोळी ठेवायची की बंद करायची, हा प्रश्न तेव्हा निघतो आणि तो ज्यांना विचारायचा ते तज्ज्ञ ऑपरेशन थिएटरमध्ये असतात. नातेवाईक म्हणतात, आधी सांगितले असते तर गाडी आणली असती. फार्मसी, बिल, विम्याची मंजुरी. बेड रिकामा होतो संध्याकाळी पाचला, आणि त्याच बेडसाठी इमर्जन्सीत एक पेशंट दुपारी दोनपासून स्ट्रेचरवर असतो. यात कोणी कामचुकारपणा केलेला नाही. प्रत्येक जण आपापले काम करतो आहे, फक्त ते चुकीच्या क्रमाने चालले आहे.

उपाय साधा आहे, तो रोज होणे अवघड आहे. उद्या कोण घरी जाऊ शकेल हे आज दुपारीच डॉक्टर, सिस्टर आणि समाजसेवा विभाग यांनी दहा मिनिटे एकत्र बसून ठरवायचे. औषधांची यादी संध्याकाळीच तयार करायची, नातेवाइकांना तेव्हाच सांगायचे. सकाळी आधी अत्यवस्थ पेशंट, मग घरी जाणारे, मग बाकीचे. एक धोका मात्र आहे. "दुपारी बाराच्या आत इतके टक्के डिस्चार्ज" असे लक्ष्य लावले की काही ठिकाणी आज संध्याकाळी घरी जाऊ शकणारा पेशंट उद्या सकाळपर्यंत ठेवला जातो. टक्केवारी सुधारते, मुक्काम वाढतो. म्हणून हा आकडा आम्ही एकटा कधीच पाहत नाही, आणि त्यावर बोनस लावू नका असे सुचवतो.

शिफ्ट बदलताना

एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे पेशंट जातो तिथे माहिती गळते. सात दिवसांच्या पद्धतीत ही गळती दोनदा होते : रोज संध्याकाळी आणि आठवड्यातून एकदा सगळा चमू बदलताना. सगळे डॉक्टर एकाच दिवशी बदलत असतील, तर आम्ही आधी तेच थांबवतो. नवा डॉक्टर पहिल्या दिवशी १५ अनोळखी पेशंट पाहतो आणि "उद्या बघू" म्हणून डिस्चार्ज पुढे ढकलतो. त्याचेही चूक नाही. बदल दोन-तीन दिवसांत विभागले की निम्मे डॉक्टर तरी पेशंटना ओळखत असतात.

रोजच्या हस्तांतरासाठी 'आय-पास' ही पद्धत चांगली तपासलेली आहे : आजार किती गंभीर, पेशंटची थोडक्यात हकिगत, करायची कामे, काय बिघडू शकते आणि बिघडले तर काय करायचे, आणि शेवटी घेणाऱ्याने आपल्या शब्दांत परत सांगायचे. बालरोग विभागांच्या नऊ रुग्णालयांतल्या प्रशिक्षणार्थींवर झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पद्धतीनंतर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगी इजा ३० टक्क्यांनी घटली. आमचा अनुभव असा, की पहिले चार भाग लोक लवकर शिकतात आणि पाचवा सोडून देतात. परत सांगण्यात अवघडल्यासारखे होते, "मला समजले आहे की" असे वाटते. म्हणून सुरुवातीला आम्ही हस्तांतराच्या वेळी शेजारी बसतो आणि फक्त तेवढ्या एका भागाकडे लक्ष ठेवतो.

तिसरे हस्तांतर घरी जाताना होते, आणि ते सर्वांत दुर्लक्षित आहे. डिस्चार्जनंतरच्या पहिल्या भेटीत फॅमिली डॉक्टरांच्या हातात डिस्चार्ज समरी पोहोचलेली असते ती फक्त १२ ते ३४ टक्के वेळा, असे २००७च्या एका आढाव्यात निघाले होते. घरी गेल्यानंतरचा जो वाढलेला खर्च वर सांगितला, त्याचा बंदोबस्त करायचा तर सुरुवात इथून करावी लागते. समरी त्याच दिवशी, एका पानात, बदललेली औषधे वरच्या भागात आणि तपासणीचे न आलेले रिपोर्ट नावानिशी.

सर्जनांशी करार

हा भाग वादाचा आहे. मांडीचे हाड मोडलेल्या ऐंशी वर्षांच्या बाईंना मधुमेह आहे आणि त्या रक्त पातळ करणारे औषध घेतात. दाखल कोणाच्या नावावर? इन्सुलिन कोण लिहिणार? ते औषध केव्हा थांबवायचे आणि केव्हा पुन्हा सुरू करायचे? रात्री दोनला ड्रेसिंग भिजले तर फोन कोणाला? आणि ताप आला तर? हे लिहून ठेवले नसेल तर उत्तर ठरलेले असते : जो उपलब्ध असतो त्याला, म्हणजे हॉस्पिटॅलिस्टला. हळूहळू तो सर्जनांचा मदतनीस होतो. आम्ही दोन्ही विभागांना एका टेबलावर बसवून एक-दोन पानांचा करार करून घेतो, त्यात असे दहा-बारा नेहमीचे प्रसंग आणि प्रत्येकासमोर एकच नाव. "दोघांनी मिळून" असे उत्तर आम्ही कागदावर येऊ देत नाही.

पैसा

डॉक्टरांच्या तपासणी-फीमधून या विभागाचा खर्च बहुधा भरून निघत नाही. अमेरिकेतही बहुतांश रुग्णालये या विभागांना पदरचे पैसे घालतात. तेव्हा "विभाग तोट्यात आहे" हे वाक्य ऐकले की आम्ही विचारतो, त्या पैशातून काय घेतले? रात्रीची हमी, मोकळे झालेले सर्जन, लवकर रिकामे होणारे बेड, कमी झालेल्या तक्रारी. यांतल्या ज्यांचे आकडे मिळतात त्यांचे मांडतो; ज्यांचे मिळत नाहीत त्यांना ओढूनताणून आकड्यांचे रुपडे देत नाही. पगार केवळ पेशंटच्या संख्येवर बांधला तर पेशंट जास्त पाहिले जातात आणि समरी राहून जातात, हे पगाराची पद्धत ठरवताना ध्यानात ठेवा.

आमची पद्धत

आधी नोंदी मागवतो, मग काही दिवस आणि किमान एक रात्र आपल्याकडे थांबतो. सिस्टर, फार्मसी, बिलिंग यांच्याशी व्यवस्थापनाच्या गैरहजेरीत बोलतो आणि कोण काय म्हणाले ते नावानिशी सांगत नाही. अहवाल छोटा असतो. त्यात आधी करायच्या तीन गोष्टी, त्यांची जबाबदारी असलेल्या व्यक्ती आणि मोजायचे आकडे असतात. नंतर काही महिने ठरावीक अंतराने येऊन पाहतो. फी आधी ठरलेली असते. वाचलेल्या पैशात वाटा आम्ही घेत नाही, कारण मग मुक्काम कमी दाखवण्यात आमचा स्वार्थ तयार होतो. डॉक्टर पुरवण्याचे कामही करत नाही. जो माणसे पुरवतो त्याला माणसे कमीच दिसतात.

विभागाला प्रमुख नसेल किंवा प्रमुखाला प्रशासनासाठी पेशंटविना वेळ दिलेला नसेल, तर आमच्या कामाचा उपयोग होणार नाही. आधी ते करा, मग आम्हाला बोलवा.

पहिल्या भेटीला मागच्या वर्षाचे रोजचे दाखल पेशंट, दाखल-डिस्चार्जच्या वेळा, तीस दिवसांत परत आलेल्यांची यादी आणि गेल्या तीन महिन्यांचे रोस्टर तयार ठेवावे. रोस्टरची फेअर कॉपी काढू नका. नोटीस बोर्डावरचे, खाडाखोड केलेलेच द्या; ऐनवेळी कोण कोणासाठी आले ते त्याच कागदावर दिसते.