माजी सैनिकांच्या थकबाकीची कालमर्यादा

देय असूनही न मिळालेले वेतन, भत्ते किंवा निवृत्तिवेतन सैनिकाने शासनाकडे किती मुदतीत मागावे आणि उशिरा मागितल्यास मागील किती काळाची रक्कम त्याला मिळावी, हे ठरवणारे कायदेशीर बंधन. मुदत उलटली की हक्कच संपतो, असा समज सोलापूर जिल्ह्यातील माजी सैनिकांतही आढळतो. निवृत्तिवेतनापुरता तरी तो खरा नाही.

मुदत अधिनियम, १९६३ नुसार पैशाच्या वसुलीच्या दाव्याला साधारणतः ३ वर्षांची मुदत असते. शासनाला स्वतःच्या दाव्यासाठी मात्र ३० वर्षे मिळतात, आणि ही तफावत समर्थनीय वाटणे कठीण आहे. निवृत्तिवेतन दरमहा देय होत असल्याने ते चुकीने नाकारणे हा दर महिन्याला नव्याने घडणारा अन्याय ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात हेच तत्त्व लावले. नोव्हेंबर १९८३ मध्ये वैद्यकीय कारणावरून सेवामुक्त झालेल्या या जवानाने अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी १९९९ मध्ये उच्च न्यायालयात याचिका केली होती. उशीर झाला म्हणून त्याचा हक्क न्यायालयाने नाकारला नाही, परंतु थकबाकी साधारणतः याचिकेपूर्वीच्या ३ वर्षांपुरतीच असावी, असे सांगितले. ज्येष्ठता वा बढती यांसारख्या, इतरांच्या हक्कांना धक्का लावणाऱ्या मागण्यांना ही सवलत नाही. त्यामुळे सांगोल्याच्या एखाद्या जवानाने २००० पासून देय असलेल्या निवृत्तिवेतनासाठी २०२४ मध्ये दाद मागितली, तर त्याला पुढचे निवृत्तिवेतन मिळू शकते, पण थकबाकी सामान्यतः २०२१ पासूनचीच मिळते. नियम ज्याच्यापर्यंत सर्वांत उशिरा पोहोचतो, त्याचेच नुकसान सर्वांत मोठे होते.

युद्धकाळासाठी स्वतंत्र तरतूद आहे. भारतीय सैनिक (दावे) अधिनियम, १९२५ नुसार सैनिक युद्धजन्य परिस्थितीत किंवा समुद्रापार सेवेत असतानाचा काळ मुदतीतून वगळला जातो. निवृत्तिवेतनाच्या प्रश्नात तिचा उपयोग थोडाच, कारण तिथला विलंब बहुधा जवान घरी परतल्यानंतरचा असतो.

अमेरिकेत शासनाविरुद्धच्या अशा दाव्यांना सर्वसाधारणपणे ६ वर्षांची मर्यादा आहे. युद्धकाळात उद्भवलेल्या सैनिकी दाव्यासाठी ती शांतता प्रस्थापित झाल्यानंतर ५ वर्षांपर्यंत वाढू शकते. १२ जून २०२५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने सोटो प्रकरणात, युद्धाशी संबंधित अपंगत्वाच्या विशेष भरपाईला ही ६ वर्षांची मर्यादा लागू होत नाही, असा एकमताने निर्णय दिला. ती भरपाई देणाऱ्या कायद्यातच दावे निकाली काढण्याचा स्वतंत्र अधिकार आहे, हे त्याचे कारण होते.

सोलापूरच्या माजी सैनिकाला अर्जासाठी प्राथमिक मार्गदर्शन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते. सेवेची कागदपत्रे मात्र त्या त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात असतात, उदाहरणार्थ मराठा लाइट इन्फंट्रीची बेळगावात. दाद सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे मागता येते. मागणीवरील शासनाच्या अंतिम आदेशापासून ६ महिन्यांत न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. शासनाकडे केलेल्या मागणीवर त्याने ६ महिने निर्णयच दिला नाही, तर त्यानंतर आणखी ६ महिने मिळतात. पुरेसे कारण दाखवल्यास न्यायाधिकरण विलंब माफ करू शकते. तथापि विलंब माफ झाला म्हणून थकबाकीची ३ वर्षांची मर्यादा आपोआप सैल होत नाही.