फॅक्टरी रिसेटने कंपनीचे ॲप जात नाहीत

‘नवा फोन फॅक्टरी रिसेट करा, नको असलेले ॲप कायमचे जातील’ असा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. ॲंड्रॉइडवर तसं होत नाही. रिसेटमध्ये पुसला जातो तो आपला डेटा: फोटो, खाती, आपण टाकलेले ॲप. फोनसोबत आलेले कंपनीचे बरेच ॲप सिस्टिमच्या वेगळ्या भागात असतात, तिथे रिसेट हात लावत नाही. उलट तुम्ही बंद केलेलेही पुन्हा चालू होतात.

एखादं ॲप काढता येतं का, याची खात्री करायचीय? आयकॉन दाबून धरा, ‘ॲप इन्फो’ उघडा. ‘अनइन्स्टॉल’ दिसलं तर खुशाल काढा. फक्त ‘डिसेबल’ असेल तर तेच करा. ॲप चालायचं थांबतं, जागा मात्र फारशी सुटत नाही. बटण फिकट असेल तर त्या ॲपला हात लावू नका. आणि एवढ्यासाठी घरच्यांचे फोटो तर मुळीच पणाला लावू नका.