तुरुंगाचा शिधा, रोहयो आणि पगारातले दोनशे रुपये

दादाभाई नौरोजींनी १८७६ साली ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवलेला हा माणूस. आकडेमोड त्यांच्या हाडात होती. पिकांच्या आणि इतर उत्पादनाच्या सरकारी आकड्यांवरून त्यांनी माणशी वार्षिक उत्पन्न काढलं, ते आलं सुमारे २० रुपये. पण वीस रुपये पुरेसे की अपुरे, हे कशावरून ठरवायचं? दादाभाईंनी त्यासाठी सरकारचेच दोन कागद समोर घेतले. एक, परदेशी पाठवल्या जाणाऱ्या मजुरांना जहाजावर किती तांदूळ, डाळ, तूप, मीठ द्यायचं याचं कोष्टक. दुसरा, तुरुंगातल्या कैद्यांच्या अन्नवस्त्रावर होणारा खर्च. हिशेब मांडल्यावर दिसलं, की बाहेरच्या मोकळ्या माणसाच्या वाट्याला सरासरीने कैद्याइतकंही येत नाही. त्यातही जहाजावरचा शिधा काही न करता बसून राहणाऱ्या माणसाचा होता. लग्नकार्य, सणवार, आजारपण, दुष्काळासाठी बाजूला टाकायचे चार पैसे, यातलं काहीही त्यात धरलेलं नाही, हेही दादाभाईंनी स्पष्ट लिहून ठेवलं.

आज मुंबईत गरिबी, सामाजिक सुरक्षा आणि सरकारी धोरण या विषयांवर आयुष्य घालवणारा अर्थशास्त्रज्ञ कलिन्यात मुंबई विद्यापीठात असेल, गोरेगावात रिझर्व्ह बँकेने १९८७ साली उभ्या केलेल्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत असेल, किंवा देवनारला टाटा समाजविज्ञान संस्थेत असेल. त्याच्या टेबलावर दादाभाईंचाच प्रश्न असतो: जगायला किती लागतं? त्याला पुढे दुसरा प्रश्न येऊन चिकटला: सरकारने द्यायचं तर कुणाला? माझ्या मते या विषयातली बहुतेक ओढाताण हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळे झाली आहे.

तुरुंगाच्या शिध्याचं माप मुंबईत पुढेही टिकलं. मुंबई सरकारने १९२१ साली कामगार कार्यालय स्थापन केलं आणि कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा करायला सुरुवात केली. फिंडले शिरास यांचा त्यावरचा अहवाल १९२३ मध्ये आला. त्यात दोन गोष्टी नोंदल्या होत्या. शहरातली ९७ टक्के कामगार कुटुंबं एकेका खोलीत राहत होती. आणि कामगाराच्या पोटात जाणारं धान्य दुष्काळी संहितेत ठरवलेल्या मापाच्या जवळपास होतं, मुंबईच्या तुरुंग नियमावलीतल्या मापापेक्षा मात्र कमी होतं. परळ-लालबागच्या चाळींत वाढलेल्या कुणीही हे वाक्य दोनदा वाचावं. पहाटेच्या भोंग्यावर उठून गिरणीतल्या खात्यात जाणाऱ्या माणसाची तुलना दुष्काळी कामावरच्या आणि तुरुंगातल्या माणसाशी होत होती, आणि तुरुंगातल्याशी तो हरत होता.

विद्यापीठातल्या अर्थशास्त्र विभागाने याला सिद्धांताची बाजू दिली. चं. न. वकील आणि प. रा. ब्रह्मानंद यांनी १९५६ मध्ये, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या ऐन काळात, अवजड उद्योगांआधी धान्य, कापड अशा कामगाराच्या रोजच्या गरजेच्या वस्तू वाढवा असं मांडलं. दिल्लीने अवजड उद्योगांवर भर देणाऱ्या महालनोबीसांचं ऐकलं. याच शहरात सचिन चौधुरींनी १९४९ साली अर्थकारणाचं एक साप्ताहिक सुरू केलं. ते १९६६ पासून ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या नावाने निघू लागलं. फोर्टातल्या त्याच्या कचेरीने गरिबीच्या अभ्यासाला दिलेलं बळ कुठल्याही एका विभागापेक्षा मोठं आहे.

त्या साप्ताहिकात जानेवारी १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा दीर्घ अभ्यास छापून आला. त्यांनी माप बदललं. दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील एवढं अन्न ज्या खर्चाच्या पातळीवर घेता येतं, ती पातळी त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या, म्हणजे घरोघरी खर्च विचारणाऱ्या सरकारी पाहणीच्या, आकड्यांतून शोधली. १९६०–६१ च्या भावाने ती खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये निघाली. तिच्याखाली गावातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली सुमारे ५० टक्के माणसं होती. शहराचा आकडा मोठा, हे आजही अनेकांना खरं वाटत नाही. दांडेकर-रथ मोजून थांबले नाहीत. गावोगाव सार्वजनिक कामं काढा, मागेल त्याला मजुरी द्या आणि त्याचा भार वरच्या थरातल्या लोकांवर टाका, असं त्यांनी हिशेबासकट सांगितलं.

यावर वाद पेटला. रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचं काम पाहिलेले पां. वा. सुखात्मे निवृत्तीनंतर पुण्यात होते. त्यांचं म्हणणं असं, की एकाच माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक बदलते, शरीर काही मर्यादेपर्यंत जुळवून घेतं, तेव्हा सरासरी गरजेच्या खालचा प्रत्येक जण उपाशी मानणं चूक आहे. दांडेकरांनी याला लेखामागून लेख लिहून उत्तर दिलं. मला यात दांडेकरांची बाजू पटते. जुळवून घेतलेलं शरीर दिवसभर खडी फोडू शकतं का, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला सुखात्म्यांच्या मांडणीत सापडलं नाही. पण सुखात्म्यांमुळे एक फार चांगलं घडलं: नुसत्या धान्यावर न थांबता पिण्याचं पाणी, स्वच्छता आणि रोगराई यांच्याकडे अभ्यासकांचं लक्ष गेलं.

कागदावरची ही चर्चा चालू असतानाच १९७२ चा दुष्काळ आला. ज्यांच्या घरात त्या सालच्या आठवणी आहेत त्यांना सुकडी, मिलो हे खाण्याचे आणि नालाबंडिंग, पाझर तलाव हे कामांचे शब्द वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. मुंबईत त्याच वर्षी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरोधात बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. गावाकडे मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ ड्रेझ यांनी पुढे या काळाचा बारकाईने अभ्यास केला. शेतात काही पिकलेलं नसतानाही हातात मजुरी आली म्हणून लोकांना धान्य विकत घेता आलं आणि एवढ्या भीषण दुष्काळात मोठी मनुष्यहानी टळली, हे त्यातून समोर आलं.

रोजगार हमी योजना, म्हणजेच रोहयो, या पार्श्वभूमीवर उभी राहिली. तिच्यामागचे गृहस्थ वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात कल्पनेचा प्रयोग आधीच झाला होता. कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत द्यायचं, देता आलं नाही तर बेकारी भत्ता. या कायद्याने दारिद्र्यरेषेचा दाखला मागितला नाही. उन्हात घमेलं उचलायला जो येईल त्याला गरज आहे, एवढं गृहीत धरणं पुरेसं होतं.

पैसा आला शहरातून, आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा. १९७५ च्या कायद्याने राज्यात व्यवसाय कर लागू झाला तो रोजगार हमीसाठी. याच कामासाठी इतरही काही कर आणि अधिभार बसवले गेले, आणि जमलेल्या रकमेइतकीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची असं ठरलं. पगाराच्या स्लिपवर ‘पी. टी.’ म्हणून महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापलेले दिसतात, ते हेच. वर्षाला अडीच हजारांच्या वर हा कर नेता येत नाही. घटनेतली ती मर्यादा १९८८ पासून तशीच आहे. अंधेरीच्या ऑफिसात बसलेल्या माणसाने बीडच्या पाझर तलावाला पैसे द्यायचे, अशी ही व्यवस्था होती, आणि पावती रोज खिशात असूनही फार थोड्यांना तिचा इतिहास माहीत आहे. एम.ए.च्या वर्गात मी हे सांगते तेव्हा मुलं घरी जाऊन आईवडिलांची स्लिप बघतात. २००५ चा देशव्यापी रोजगार हमी कायदा या अनुभवातूनच घडला.

योजनेच्या उणिवाही अभ्यासकांनीच दाखवल्या. दांडेकर स्वतः १९८० मध्ये माधव साठे यांच्यासह तिच्यावर टीका करायला कचरले नाहीत. १९८८ मध्ये मजुरीचा दर दुप्पट झाला आणि कामावरच्या हजेऱ्या घटल्या. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी आकडे तपासले तेव्हा दिसलं, की मजुरांची गरज कमी झाली नव्हती, कामंच कमी निघत होती. कायद्यातली हमी खर्चाच्या मर्यादेपुढे हळूच मागे सरली होती. अशी गोष्ट भाषणातून उघड होत नाही. हजेरीपट घेऊन बसावं लागतं.

शहराच्या बाजूने मुंबईने दिलेली सर्वांत अस्सल गोष्ट म्हणजे १९६९ चा माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटलांनी संघटित केलेले हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर ओझं उचलणारे. मालक एक नाही, मग भविष्यनिर्वाह निधी कोण भरणार? कायद्याने त्यावर बोर्ड काढलं. टोळीची मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, व्यापाऱ्याने बोर्डात भरायची, आणि त्यातून निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी सुट्टी मिळायची. ॲपवरून काम करणाऱ्या डिलिव्हरी कामगारांच्या सुरक्षेची चर्चा आज जगभर नव्याने चालते, तेव्हा मशीद बंदरच्या हमालांनी हा प्रश्न पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी सोडवून दाखवला होता हे आपणच ठासून सांगायला हवं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप. त्यानंतर कायम नोकरी, कामगार विम्याचं ईएसआय कार्ड, फंड हे सगळं घराघरांतून निघून गेलं. शहरातली गरिबी मोजणं तेव्हापासून जास्त अवघड झालं.

आणि नेमक्या त्याच काळात मोजायला आखलेली रेषा वाटपाची चाळण झाली. मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक डी. टी. लकडावाला यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तज्ज्ञगटाने १९९३ मध्ये प्रत्येक राज्याची रेषा वेगळी काढण्याची पद्धत दिली. ती मोजणीसाठी योग्यच होती. पण १९९७ पासून रेशन दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी आणि वरच्यांसाठी वेगळं झालं. महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालच्यांच्या पिवळ्या कार्डासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १५,००० रुपये होती. म्हणजे घरटी दिवसाला ४१ रुपये. पाच माणसांच्या घरात माणशी आठ. मुंबईत या आकड्याखाली प्रामाणिकपणे बसणारं घर शोधून दाखवणं कठीण होतं, आणि त्यामुळे झोपडपट्टीतली असंख्य कुटुंबं केशरी कार्डावर गेली. गोरेगावच्या संस्थेत तेव्हा काम करणाऱ्या मधुरा स्वामिनाथन यांनी सातत्याने मांडलं, की अशा निवडीत नको त्याला मिळण्यापेक्षा हव्या त्याला न मिळणं ही जास्त गंभीर चूक आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने व्याप्ती वाढवली, तरी राज्याच्या शहरी भागात ती ४५ टक्क्यांच्या आसपासच राहिली, आणि उत्पन्नाची अट शहरात ५९,००० वर आली. अट गेली नाही.

अर्थतज्ज्ञ सुरेश तेंडुलकरांच्या गटाने २००९ मध्ये उष्मांकांचा खुंटा सोडून शिक्षण-आरोग्याचा खर्च रेषेत आणला. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या शिध्याच्या मापापासूनचा हा मोठा पल्ला होता. पण २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या प्रतिज्ञापत्रात शहरासाठी दिवसाला ३२ रुपये हा आकडा गेला आणि देशभर संताप उसळला. तेंडुलकर त्याआधी काही महिनेच वारले होते. त्यांच्या मापाचा उपयोग कोण पात्र हे ठरवायला व्हावा असा त्या अहवालाचा हेतू नव्हता. त्यांची बाजू मांडायला तेव्हा फार कमी जण पुढे आले, याचं मला आजही वाईट वाटतं.

या सगळ्या रेषा शेवटी एका प्रश्नावलीवर उभ्या असतात. किती दिवसांचा खर्च विचारायचा यावरून देशाची गरिबी कमी-जास्त दिसते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९–२००० च्या फेरीत अन्नाचा खर्च सात आणि तीस दिवस अशा दोन्ही मुदतींचा एकाच वेळी विचारला गेला आणि आकडे तुलनेच्या कामाचे राहिले नाहीत. २०१७–१८ ची पाहणी सरकारने प्रसिद्धच केली नाही. २०११–१२ नंतर लोकांसमोर आली ती थेट २०२२–२३ ची. मधली अकरा वर्षं, ज्यात नोटाबंदी आणि कोविड दोन्ही येतात, अभ्यासक अंदाजावर लिहीत राहिले.

काही वर्षांपूर्वी गोवंडीत एका पाहणीसाठी मी अशीच प्रश्नावली घेऊन बसले होते. “गेल्या तीस दिवसांत खायचं तेल किती लागलं?” घरातली बाई भाजी निवडत होती. ती म्हणाली, “ताई, तेल आम्ही दहाचं आणतो. रोज संध्याकाळी. ह्यांचा खाडा झाला तर पाचचं.” मी लिटरच्या रकान्यावर पेन ठेवून थांबले. मग तिनेच मुलीला वाण्याकडे पिटाळलं आणि उधारीची वही मागवली. निळ्या रेघांच्या त्या वहीत तारखेपुढे ‘तेल १०’, ‘तेल १०’, ‘साखर ५’, ‘तेल ५’ असं लिहिलेलं होतं. आम्ही दोघींनी बोटं मोडत महिना जुळवला. सहा ठिकाणी पाचचं तेल होतं. मी ते सहा दिवस समासात वेगळे लिहून घेतले, कारण छापील तक्त्यात खाड्याला रकाना नव्हता.