झाडं लावली की पाऊस येतो?

‘नांदेडच्या किनवटला जंगल आहे म्हणून तिथं पाऊस, बीडच्या आष्टी-पाटोद्यात झाडं नाहीत म्हणून दुष्काळ.’ वर्षानुवर्षं हेच ऐकतोय. खरं कारण उलटं आहे. आष्टी-पाटोदा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराआडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात. किनवटला बंगालच्या उपसागराकडून येणारा पाऊसही मिळतो, म्हणून तिथं सागवान वाढलं. गावच्या वृक्षारोपणानं मान्सून वळत नाही.

मग झाडं कशाला? पडलेलं पाणी मुरवायला! इथल्या बालाघाट डोंगरांच्या उघड्या मुरमावरून पाणी माती घेऊन धावतं. गवत-झुडपांत ते थबकतं, खालच्या विहिरींचा पाझर टिकतो. झाडांत पैसाही आहे. सीताफळाचा पाला शेळ्या सहसा खात नाहीत, म्हणून ते चराईच्या डोंगरावरही तगतं आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास हातात रोकड देतं. बीडच्या सीताफळाला तर भौगोलिक मानांकनही आहे. माळावर लावायचं तर आधी हे लावा.