फादांग (सायकस मायक्रोनेसिका)

फादांग हे पॅसिफिक महासागरातल्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या ग्वाम बेटाचं झाड, शेजारच्या रोटा बेटावर आणि याप, पलाऊकडेही सापडतं. दिसायला माडासारखं, पण माडाशी नातं काहीच नाही. हे सायकॅड, म्हणजे फुलंच न येणाऱ्या फार जुन्या वर्गातलं झाड, नर-मादी झाडं वेगळी. वेगळी जात म्हणून नोंद झाली ती थेट १९९४ साली.

तिथले चामोरो लोक याच्या बियांचं पीठ खायचे. बिया विषारी, त्यामुळे फोडून कितीतरी दिवस पाणी बदलत भिजवायच्या, वाळवायच्या, मग दळायच्या आणि त्याच्या पोळ्या करायच्या. बेटावरच्या लिटिको-बोडिग नावाच्या मेंदूच्या आजारामागे याच बिया असाव्यात असा संशय आहे, वाद अजून मिटलेला नाही.

२००२ च्या जंगल पाहणीत ग्वाममधलं सगळ्यात जास्त संख्येचं झाड हेच होतं, आणि पुढच्याच वर्षी सगळं फिरलं. २००३ मध्ये मूळची थायलंडकडची एक खवलेकीड बेटावर सापडली, बहुतेक शोभेच्या सायकसबरोबर आलेली. ही कीड पानाच्या दोन्ही बाजूंनी इतकी दाट बसते की पान चुना फासल्यासारखं पांढरं दिसतं, रस शोषला जातो, पान वाळतं, झाड साठवलेल्या अन्नावर नवी पानं काढतं, तीही जातात, असं होत होत खोडातला साठाच संपतो. अभ्यासासाठी आखलेल्या एका पट्ट्यात तर ६ वर्षांत ९०% हून जास्त झाडं मेली. त्यात २००५ ला प्लेन्स क्यूपिड फुलपाखरू पोचलं, हे आपल्याकडचंच, महाराष्ट्रात बागेतल्या सायकसची कोवळी पानं याच्याच अळ्या खातात.

त्याच वर्षी खवलेकीड खाणारा एक ढालकिडा मुद्दाम सोडला, त्याने मोठी झाडं बरीच तगवली आणि हे काम खरंच मोलाचं आहे. पण तो जमिनीलगत फारसा उतरत नाही. म्हणजे नेमकी रोपंच उघडी पडतात, बी रुजतं, दोन-चार पानं येतात आणि तीही पांढरी पडून रोप जातं. नवी पिढीच उभी राहत नाही, माझ्या मते खरी काळजी ही आहे, उभ्या झाडांच्या आकड्यांवर समाधान मानण्यात अर्थ नाही. वर रानडुकरं आणि हरणं आहेतच, तीही बाहेरून आणलेली.

आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००६ मध्ये फादांगला संकटग्रस्त ठरवलं, २०१५ मध्ये अमेरिकेच्या कायद्यानेही संरक्षण मिळालं. ग्वामची काही झाडं टिनियन बेटावर नेऊन जपण्याचं कामही झालंय.