डबामा ठेयेल गय

माझ्या डब्यात एकेकाळी ४३ लुअर होते. लुअर म्हणजे खोटं आमिष: लाकडाचा, रबराचा, प्लॅस्टिकचा किंवा पत्र्याचा तुकडा, त्याला गळ. गांडूळ नको, कणकेची गोळी नको. काही ऑनलाइन मागवलेले, काही मुंबईहून कुणाकुणाकरवी आणवलेले. अमळनेरहून निघायचं, तापी-पांझरेच्या संगमावर कपिलेश्वराच्या खालच्या अंगाला जायचं, डबा उघडून बसायचं आणि दर दहा मिनिटांनी लुअर बदलायचा, असा माझा कित्येक रविवारांचा उद्योग. शेजारी एक भोई काका जाळं सांधत बसलेले असत. एकदा तासभर माझी ती दोरा तोड, गाठ मार चाललेली बघून ते म्हणाले, "डबामा ठेयेल गयले मासा लागस का भाऊ?"

अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, म्हणून गळ तो गय. डब्यात ठेवलेल्या गळाला मासा लागतो का? मी हसलो. घरी आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा मात्र हसू गेलं, कारण काका बोलले ते शुद्ध संभाव्यताशास्त्र होतं.

समजा, एक लुअर खरंच चांगला आहे आणि सरासरी ३० फेकींमागे एकदा मासा त्याच्यावर झडप घालतो. असा लुअर २० वेळा फेकला आणि एकदाही काही लागलं नाही, असं किती वेळा होईल? प्रत्येक फेक कोरडी जाण्याची शक्यता ३० पैकी २९. हा अपूर्णांक स्वतःशीच २० वेळा गुणला की उत्तर येतं ०.५१. म्हणजे चांगला लुअरसुद्धा २० फेकींत निम्म्या वेळा हात हलवत परत येतो. आणि मी तर दहा मिनिटांत जेमतेम १० फेकी करून त्याला नापास करत होतो. ६० फेकी केल्या तर सगळ्या कोरड्या जाण्याची शक्यता १३ टक्क्यांवर येते, १०० केल्या तर साडेतीन टक्क्यांच्याही खाली. एका लुअरबद्दल जरा खात्रीनं काही बोलायचं तर निदान शंभरेक फेकी हव्यात. ४३ लुअरांना तेवढा न्याय द्यायचा तर ४,३०० फेकी, त्याही एकाच ऋतूत, एकाच रंगाच्या पाण्यात. नोकरी करणाऱ्या माणसाचं ते काम नव्हे.

याची दुसरी बाजू जास्त गमतीची आहे. माझा एक नारिंगी स्पिनर होता, म्हणजे ओढला की पातं गरगरणारा लुअर, 'हमखास लागणारा'. त्याच्यावर जास्त मासे लागले होते हे खरंच. पण तो हमखास म्हणून मी तोच जास्त वेळ पाण्यात ठेवत होतो आणि जास्त वेळ पाण्यात असल्यामुळे त्यालाच जास्त मासे लागत होते. १९४८ साली बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं भुकेली कबुतरं पिंजऱ्यात ठेवून त्यांना ठरावीक वेळानं आपोआप दाणे मिळतील अशी सोय केली. कबुतरानं काहीही केलं तरी दाणे यायचेच. तरीही दाणे आले तेव्हा जी हालचाल चालू होती, तीच ती पुन्हा पुन्हा करू लागली. एक गोल गोल फिरे, दुसरं मान हलवी. माझं आणि नारिंगी स्पिनरचं नातं त्याहून फार वेगळं नव्हतं. तेव्हापासून मी लागलेल्या माशांबरोबर फेकीही मोजतो. वहीत आधी फेकी, मग मासे.

तर मग थोडेच ठेवायचे, पण कोणते? ते माशाला विचारावं लागतं.

आधी एक गोष्ट साफ करून टाकू. बाजारात जे मासे सगळ्यात जास्त दिसतात, त्या रोहू-कटल्यासाठी हा सगळा खटाटोप नाही. कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहूचं पोट मुख्यतः वनस्पती आणि शेवाळावर चालतं. लुअर हा शिकारी माशांसाठी. आपल्याकडे मरळ, मिशावाला शिंगाडा, आणि लहान लुअरवर चिडून धावून येणारी चिलापी.

शिकारी मासा लुअरकडे आपल्यासारखा बघत नाही. त्याच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत दोन्ही बाजूंना एक बारीक रेषा असते. मासा साफ करताना ती सगळ्यांनी पाहिलेली असते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. तिच्यातल्या सूक्ष्म केसांच्या पेशींना पाण्याची जराशी हालचालही कळते. डच शास्त्रज्ञ स्वेन डाइकग्राफ यांनी १९३० च्या दशकात या इंद्रियाचा अभ्यास केला आणि त्याला 'दूरचा स्पर्श' म्हटलं. दूरचा म्हणजे फार दूरचा नव्हे, स्वतःच्या अंगाच्या एकदोन लांबींइतका. पण तेवढ्या अंतरात गढूळ पाण्यात, रात्री, डोळे काहीच कामाचे नसतानाही माशाला कळतं की शेजारून काहीतरी गेलं, ते केवढं होतं आणि धडधाकट होतं की लंगडत होतं.

हे लंगडणं फार महत्त्वाचं. फिनलंडचे लॉरी रापाला हे पोटासाठी मासेमारी करणारे गृहस्थ. पाण्यात वाकून बघताना त्यांच्या लक्षात आलं, की शिकारी मासा झुंडीतल्या शंभर छोट्या माशांना सोडून जो एक वाकडा पोहतोय त्यालाच धरतो. १९३६ साली त्यांनी बुचाच्या लाकडातून एक मासोळी कोरली, तिला चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला आणि वरून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लेप दिला. दिसायला ती साधीच होती. ओढली की मात्र जखमी मासोळीसारखी डुलायची. आज त्यांच्या नावाची कंपनी जगभर लुअर विकते. त्या पहिल्या मासोळीत विकण्यासारखं जे काही होतं, ते सगळं त्या डुलण्यात होतं.

मग डोळे, खवले, कल्ले रंगवलेले ते हुबेहूब लुअर कशासाठी? प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गेन यांचे स्टिकलबॅक या छोट्या काटेरी माशावरचे प्रयोग बघा. विणीच्या काळात या माशाच्या नराचं पोट लाल होतं आणि दुसरा लाल पोटाचा नर हद्दीत आला की तो हल्ला करतो. टिनबर्गेन यांनी हुबेहूब माशासारखी पण लाल पोट नसलेली प्रतिकृती पाण्यात सोडली, नरांनी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. मग माशासारखे मुळीच न दिसणारे ओबडधोबड तुकडे खालून लाल रंगवून सोडले, त्यांच्यावर मात्र ते तुटून पडले. प्राण्यांच्या वर्तनावरच्या कामासाठी १९७३ चं नोबेल कोनराड लोरेंझ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्याबरोबर त्यांनाही मिळालं. प्राणी समोरची पूर्ण वस्तू बघत नाही, तिच्यातली एखादी खूण बघतो. चमचा, म्हणजे ज्याला स्पून म्हणतात तो वाकवलेला पत्रा, मासोळीसारखा अजिबात दिसत नाही. पण मासोळी कूस बदलताना जशी लकाकते तसा लकाकतो आणि तिच्यासारखा हेलकावतो. खूण पुरते.

आता रंग. माझ्या ४३ पैकी निम्मे तर एकाच घडणीचे, नुसते रंग वेगळे. इथे तापीचं पाणी लक्षात घ्यावं लागतं. पावसाळ्यात वर हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की खाली येणारं पाणी चहासारखं असतं. पूर्णेनं वऱ्हाडची काळी माती आणलेली, पांझरेनं धुळ्याकडचा गाळ. स्वच्छ खोल पाण्यात लाल प्रकाश सगळ्यात आधी शोषला जातो, म्हणून तिथे लाल लुअर काही मीटर खाली गेला की काळपट दिसतो. मातीच्या गढूळ पाण्यात उलट होतं, निळा प्रकाश आधी संपतो आणि पिवळा-तांबूस तेवढा उरतो. तिथे निळा लुअर म्हणजे काळाच. मी दोन निळे लुअर खास श्रावणासाठी घेतले होते.

माशाला तरी रंग किती कळतात? अमेरिकेतल्या लार्जमाउथ बास या शिकारी माशावर झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या, आपल्याकडे तीन. लाल आणि हिरवा त्याला चांगले ओळखता येतात. पण झगझगीत पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत तो गोंधळतो, निळ्या आणि काळ्यातही. हा मासा आपल्या नद्यांतला नाही, त्याचं सगळं मरळीला लागू होईल असं नाही. पण दुकानातल्या भिंतीवरचे ३० रंग माशाच्या डोळ्यात मोजकेच उरत असणार, एवढा संशय घ्यायला हरकत नाही.

पृष्ठभागावर तरंगणाऱ्या लुअरची गोष्ट तर आणखी सोपी. पाण्यातून वर बघणाऱ्या माशाला आकाश पूर्ण दिसत नाही. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे बाहेरचं सगळं जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत गोळा होतं. एक मीटर खोलीवरच्या माशासाठी ही खिडकी साधारण सव्वादोन मीटर व्यासाची. खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा असतो, त्यात तळ दिसतो. रबरी बेडूक या खिडकीत आला की मागे उजळ आकाश आणि पुढे त्याची सावलीसारखी आकृती. पाठीवरचे हिरवे ठिपके माशाला दिसतच नाहीत. ते गिऱ्हाईकासाठी रंगवलेले असतात. मी बेडूक काळा ठेवला.

आणि ठेवायचा एकच असता तर हाच ठेवला असता. मरळीला कल्ल्यांनी मिळणारा ऑक्सिजन पुरत नाही, डोक्यातल्या खास पोकळीत हवा घ्यायला तिला वर यावंच लागतं. वर येऊ दिलं नाही तर मासा असून ती गुदमरते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा ही सोय कामी येते, कारण पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच. बाकीचे मासे मलूल होतात तेव्हा मरळ काठाच्या पाणवेलींत दबा धरून असते. त्या वेलींतून उघडा गळ ओढायचा म्हणजे दर फेकीला शेवाळाची पेंडी. रबरी बेडकाचे गळ पाठीला चिकटून लपलेले असतात, तोंडात दाबला गेला तरच बाहेर येतात.

थंडीत याच्या उलट. जानेवारीत रात्री चांगल्याच गार होतात, पाणीही गार पडतं. मासा थंड रक्ताचा. पाण्याचं तापमान दहा अंशांनी उतरलं की त्याच्या शरीराचा कारभार ढोबळमानानं निम्म्यावर येतो. तेव्हा तो धावत नाही. शिशाच्या डोक्याच्या गळावर ओवलेली मऊ रबरी अळी तळापर्यंत सोडायची आणि रीळ इतकं हळू फिरवायचं की आपल्यालाच कंटाळा यावा. ही माझी दुसरी निवड. तिसरा चंदेरी चमचा, दूर फेकायला आणि खोली मोजायला. पाण्यात पडल्यावर तळाला लागेपर्यंत आकडे मोजत राहायचं. चौथा स्पिनर, गढूळ पाण्यासाठी, कारण त्याचं फिरणारं पातं पार्श्वरेषेला कळतं. (हो, तोच नारिंगी. विज्ञान एका बाजूला, लोभ एका बाजूला.) पाचवी छोटी मासोळी, तोंडाशी ओठासारखी पट्टी आणि आत छर्रे असलेली. शिंगाड्याच्या गोत्रातल्या माशांमध्ये हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत छोट्या हाडांची साखळी असते, १८२० साली अर्न्स्ट वेबर यांनी तिचं वर्णन केलं. त्यामुळे त्यांचे कान तिखट असतात आणि छर्ऱ्यांचा खुळखुळाट वाया जात नाही.

एकावरच का थांबलो नाही, याचंही कारण आहे. मासे शिकतात. बॉयकेमा या डच संशोधकानं १९७० साली पाईक या शिकारी माशावरचे प्रयोग प्रसिद्ध केले: एकदा स्पिनरला लागून सुटलेले पाईक पुढे स्पिनरला टाळू लागले, जिवंत मासोळीला मात्र फसतच राहिले. तेव्हा ज्या डोहात रोज चार जण तोच चमचा फेकतात तिथे चमचा बदलावा. पण दहा फेकींनी कंटाळून नव्हे. हाताशी असलेलं चालवत राहायचं की नवं आजमावायचं, हा गणितातला जुना पेच आहे. विल्यम थॉम्पसन यांनी १९३३ साली तो दोन औषधांच्या संदर्भात मांडला होता: कोणतं चांगलं हे अजून पक्कं कळलेलं नसताना रुग्णांना कोणतं किती द्यायचं? त्यांच्या उत्तराचा गाभा असा, की जे आजवर जास्त गुणकारी दिसलं ते जास्त द्यावं, पण दुसरं अगदी बंद करू नये. माझी वाटणी ओबडधोबड आहे. चार रविवार नेहमीचे, पाचवा नव्याचा.

उरलेले ३८ एका भाच्याला दिले. आता तो दर दहा मिनिटांनी बदलतो.

एक मात्र आहे, पाच हा आकडा वर्षभर टिकत नाही. पहिला पाऊस पडून गेला की काठच्या उथळ पाण्यात कधीकधी मुठीएवढा तांबूस गोळा वर येतो, फुटतो, पुन्हा जमतो. ती मरळीची पिल्लं. खाली आई-बाप राखण करत असतात आणि जवळ आलेल्या कशावरही तुटून पडतात. त्या वेळी बेडूक टाकला तर पहिल्याच फेकीला मासा लागू शकतो. तो भुकेपोटी आलेला नसतो. राखण करणारा गेला की तो तांबूस गोळा दुसऱ्या माशांच्या तोंडी जातो. काका असा गोळा दिसला की जाळं खांद्यावर टाकून पुढे चालू लागतात. त्या दिवसांत काळा बेडूक मी घरी खुंटीला टांगून ठेवतो, डबा चारचाच असतो.