रोमची अभ्यास-सहल: लॅबसाठी नमुना कसा मिळेल आणि कसा मिळणार नाही

आर्किटेक्चर, पुरातत्त्व आणि चित्रकलेच्या विद्यार्थ्यांचे गट आम्ही रोमला नेतो. बुकिंग झालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तिथला एखादा तुकडा लॅबसाठी आणता येईल ना?" नाही. सुटा पडलेला असला तरी नाही, नखाएवढा असला तरी नाही.

इटलीत पुरावस्तूंची मालकी सरकारकडे असते. २००४ च्या सांस्कृतिक वारसा संहितेत तसं स्पष्ट आहे आणि २०२२ पासून अशा वस्तूची चोरी हा फौजदारी कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे. शिक्षा दोन ते सहा वर्षं कैद, शिवाय दंड. तिथवर नाही गेलं तरी एकाच्या खिशातल्या खड्यापायी अख्खा गट फाटकाशी ताटकळतो आणि ओस्तियाचा (रोमजवळचं प्राचीन बंदर-शहर) अर्धा दिवस हातचा जातो. म्हणून आम्ही ओस्तियातून निघताना सगळ्यांच्या बॅगा बघतो. काही पालकांना आणि प्राध्यापकांना हे खटकतं. पण दहा मिनिटांची ही तपासणी आमच्याच माणसाने केलेली बरी, विमानतळावर स्कॅनरवाल्याने नव्हे.

शिवाय तो तुकडा अभ्यासाच्या काही कामाचा नसतो. ओस्तियात १९३८ ते १९४२ या काळात फार मोठ्या भागाचं उत्खनन घाईने उरकलं गेलं आणि भिंतींची भरपूर डागडुजी झाली. पायाशी पडलेलं मसाल्याचं (चुन्याच्या बांधकामी मिश्रणाचं) ढेकूळ दुसऱ्या शतकातल्या हेड्रियन सम्राटाच्या काळचं की विसाव्या शतकातल्या गवंड्याचं, हे हातात घेऊन कळत नाही. कुठल्या भिंतीतून, किती उंचीवरून आलं याची नोंद नसेल तर तो नुसता खडा.

मग करायचं काय? १० पट मोठं दाखवणारं भिंग, छोटा टॉर्च आणि सेंटिमीटरची कागदी पट्टी बरोबर घ्या. मोडलेल्या भिंतीचा गाभा शोधा. बाहेर विटा दिसल्या म्हणून भिंत विटांची समजू नका; विटा म्हणजे फक्त दर्शनी थर. त्यातही बहुतेक विटा सुमारे २० सेंमीच्या चौकोनी विटेचे तिरपे काप असतात, टोक आत. गाभा चुना, पोझोलाना (ज्वालामुखीची माती) आणि मुठीएवढ्या दगडांचा. हे मिश्रण आजच्या काँक्रीटसारखं ओतत नसत. मसाला आणि दगड हाताने थरावर थर रचत. टॉर्च बाजूने तिरका मारलात की मसाल्यात पांढरे ठिपके दिसतील. ते चुन्याचे खडे. पूर्वी त्यांना ढिसाळ कालवणीची खूण मानत. २०२३ साली प्रिव्हर्नम या प्राचीन रोमन नगराच्या तटबंदीतल्या मसाल्यावर संशोधन प्रसिद्ध झालं. त्याचं म्हणणं असं की कळीचा (न विझवलेला) चुना थेट घालून मिश्रण गरम असतानाच कालवत, आणि पुढे भेग पडली की याच खड्यांतला चुना पाण्याबरोबर तिच्यात उतरून ती बुजवतो. भिंगाने हे जागेवरच पाहता येतं, काही उचलावं लागत नाही.

विटांचं माप घेताना एकच वीट मोजू नका. पाच विटा आणि पाच सांधे मिळून किती उंची होते ते तीन-चार ठिकाणी मोजा आणि नोंदीत ठिकाणाचा फोटो जोडा. पट्टी भिंतीला टेकवायची नाही, जवळ धरून फोटो काढायचा. दर्शनी थर मूळ पातळीपेक्षा किंचित आत गेलेला दिसला तर ती बहुधा नंतरची दुरुस्ती; ते माप वेगळं लिहा.

ओस्तिया आधी आणि पँथिऑन (रोममधलं घुमटाचं प्राचीन मंदिर) नंतर का, हेही विचारलं जातं. पँथिऑनचा ४३.३ मीटरचा घुमट अखंड उभा आहे, म्हणून त्याच्या आतलं काही दिसत नाही. खाली जड दगड, वर चढत हलका टफ (ज्वालामुखीच्या राखेचा दगड) आणि शेवटी प्यूमिस (ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड), ही चढती हलकी भरण आधी मोडक्या भिंती पाहिलेल्यालाच उमगते. ओस्तिया सोमवारी बंद असतं, त्यामुळे हा क्रम अदलाबदल करण्याची विनंती कृपया करू नये. भित्तिचित्रांसाठी पालाझ्झो मास्सिमो हे रोममधलं संग्रहालय. ऑगस्टस सम्राटाची पत्नी लिव्हिया हिच्या, बाग रंगवलेल्या खोलीपुढे निवांत बसता यावं म्हणून ती सकाळ मोकळीच ठेवली आहे.

नमुन्यांची पेटी आम्ही देतो, सहलीच्या शुल्कातच. इमारती दुरुस्तीचा माल विकणाऱ्या दुकानातून पावतीसह घेतलेला अर्धा किलो पोझोलाना, आणि टफ, ट्रॅव्हर्टाईन (एक चुनखडी), कारारा संगमरवर यांच्या कापलेल्या चकत्या. पेटी पावतीसकट चेक-इन बॅगेत ठेवा. हातातल्या बॅगेत राखाडी पूड असली की चौकशी होतेच. चुना पेटीत नसतो, कारण कळीचा चुना विमानात चालत नाही. मुरवलेला चुना इथेच, भारतात घ्या. रोमन वास्तुतज्ज्ञ विट्रुव्हियसचं प्रमाण एक भाग चुन्याला तीन भाग खाणीतली वाळू, आणि पाण्याखालच्या कामाला एकास दोन पोझोलाना. पेटीत ५ सेंमीचे तीन ठोकळे सहज होतात. बहुतेकांचे ठोकळे भुसभुशीत होतात ते उन्हात वाळवल्यामुळे. पोझोलानाला धरायला ओल लागते, तेव्हा ओल्या गोणपाटाखाली महिनाभर ठेवा. विटांची पूड घालून एक ठोकळा केलात तर आपल्या वाड्यांमधल्या सुरखीच्या चुन्याशी तुलनाही होईल. जाण्याआधी जमल्यास कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडनची (ग्रीकांचा समुद्रदेव) कांस्यमूर्ती पाहून या. रोमचा माल इथवर पोचत होता. गट जमला तर त्या दिवसाची सोय आम्ही वेगळ्या शुल्कात करतो.

नावांच्या यादीबद्दल. कोलोसियम आणि पाँपेईची तिकिटं नावानिशी निघतात, दारावर ओळखपत्र बघतात. कॉलेजच्या हजेरीतलं आडनाव-नाव-वडिलांचं नाव तसंच पाठवू नका. पासपोर्टवर जसं छापलं आहे तसंच, त्याच स्पेलिंगने भरा, आणि पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो सोबत जोडा.